ओसरीवरील रोपवाटिका
(मठाच्या वर्धापनदिनाच्या सभेत पार्से येथे केलेले भाषण)



मठाच्या वर्धापनदिनी बोलावयाचे म्हटले म्हणजे धर्म, इतिहास, संतवाङ्मय असे भारदस्त विषय आपोआप पुढे येतात. ते सर्व बाजूला ठेवून घरात बी रुजवून औषधी वनस्पतींची रोपे कशी करावीत, या साध्या विषयावर बोलावयास मी उभा राहिलो आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु अमरकोशकाराने मठ या शब्दाचा अर्थ छात्रादिकांचे निवासस्थान असा दिला आहे. कोवळ्या वयाच्या मुलांना काही काळ छपराखाली सांभाळावे, त्यांच्यात बळ आले की त्यांना उघड्या जगात पाठवावे, हे ज्या ठिकाणी घडते ते मठ. आपले शेतकरी ज्याला तरवा म्हणतात तो याहून फारसा निराळा नाही. तेव्हा मठाच्या सभेत तरव्याचा विचार करणे हे अप्रस्तुत ठरू नये, असे मला वाटते.

माझा विषय प्रथम नेमका सांगतो. तुळस, सब्जा, किरायते, ओवा, धणे, मेथी अशा ज्या वनस्पती आपल्या देवघरात, औषधांत व स्वयंपाकात लागतात, त्यांची रोपे विकत न आणता, घरच्याच बियांपासून, ओसरीवर, पडवीत किंवा राजांगणाच्या काठाशी तयार करणे, एवढाच तो विषय आहे. हे काम लहान आहे, खर्चाचे मुळीच नाही, आणि तरीही ते आपल्या घरांतून हळूहळू नाहीसे होत चालले आहे. त्याबरोबर काय नाहीसे होते, हे मी शेवटी सांगणार आहे.

घरात बी रुजविण्याची कला आपणांस परकी नाही. आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना होते, घटाभोवती माती पसरून तीत धान्ये पेरली जातात, रोज थोडे पाणी घातले जाते, आणि दसऱ्याला ती रुजवण प्रसाद म्हणून आपण माथ्यावर धारण करतो. गाभाऱ्यात सूर्यप्रकाश जवळजवळ नसतो. तरी धान्य रुजते, आणि वीतभर उंचही होते. मात्र त्याचा रंग पाहा. शेतातील अंकुर हिरवा असतो. गाभाऱ्यातील अंकुर पिवळसर, लांबट आणि नाजूक असतो. याचे कारण असे की, बीज रुजते ते आपल्या पोटातील अन्नावर. आईने दिलेली शिदोरी म्हणावी तसे ते अन्न असते. त्याच्या जोरावर अंधारातही कोंब वर येतो आणि प्रकाश शोधण्यासाठी भराभर उंच होतो. पण पानांत हिरवेपणा यावयास प्रकाशच पाहिजे, आणि हिरवेपणा आल्यावाचून झाडाला स्वतःचे अन्न करता येत नाही. शिदोरी नऊ दिवस पुरते, नव्वद दिवस पुरत नाही. बी रुजविणाऱ्याने मनात धरावयाचा पहिला नियम तो हाच. रुजण्यासाठी ओल, ऊब आणि हवा, वाढण्यासाठी प्रकाश.

अंकुर प्रकाशाकडे का वळतो, या प्रश्नावर चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांवर प्रयोग केले आणि १८८० साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कोंबाच्या अगदी टोकावर त्यांनी लहानशी टोपी घातली, तेव्हा कोंब वळेना. टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकला, तरी तो वळे. प्रकाशाची जाणीव टोकाला होते आणि वळतो तो खालचा भाग, असे त्यांनी दाखवून दिले. आपल्या ओसरीवरील रोपे एका बाजूला झुकलेली दिसतात त्याचे मूळ येथे आहे. म्हणून कुंडी रोज अर्धा फेर फिरवावी, म्हणजे रोप सरळ वाढते. घरातील जाणत्या बायका हे न शिकविता करीत आल्या आहेत.

आता घरात का, अंगणात का नको, हा प्रश्न कोणी विचारील. युरोपातील थंड देशांत वसंत येईपर्यंत जमीन गारठलेली असते. तेथील माळी मार्च महिन्यातच खिडकीत बेझिल पेरतात. बेझिल म्हणजे आपल्या सब्जाचीच जात. ते थंडीपासून आडोसा म्हणून घर वापरतात. आपल्या पेडणे महालात थंडीची भीती नाही. आपल्याला आडोसा पाहिजे तो पावसापासून, आणि त्याआधी वैशाखाच्या उन्हापासून. गोमंतकात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तुळशीचे बी मोहरीहूनही बारीक. ते उघड्यावर पेरले तर मृगाच्या पहिल्याच सरीत माती उसळते आणि बी कोठच्या कोठे वाहून जाते. वैशाखात पेरले तर वरची बोटभर माती सकाळी ओली केली की दुपारी कोरडी ठणठणीत होते, आणि अर्धवट रुजलेले बी तेथेच सुकते. एकदा फुगलेले बी पुन्हा सुकले की ते संपले. म्हणून या दोन संकटांच्या मधून रोपाला सुखरूप नेण्यासाठी छप्पर पाहिजे.

यासाठी ओसरीची पूर्वेकडील बाजू उत्तम. सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास मिळते आणि दुपारची आग लागत नाही. जुन्या घरांतील राजांगण तर या कामासाठीच बांधले असावे असे वाटते. भोवती चारी बाजूंनी छपराच्या पागोळ्या, मध्ये आकाश, आणि तेथेच तुळशीवृंदावन. राजांगणाच्या काठावर, पागोळीच्या आत, उजेड भरपूर मिळतो आणि पावसाचा मार लागत नाही. ज्यांची घरे नवीन पद्धतीची आहेत त्यांनी सज्जाचा किंवा खिडकीचा उपयोग करावा. बंद माजघरात मात्र रोपे ठेवू नयेत. तेथे त्यांची रुजवण होते, रोपे होत नाहीत.

भांड्यांसाठी पैसा खर्चण्याचे कारण नाही. नारळाची करवंटी, तळाला भोक पाडून, एका रोपाला पुरते. फुटकी मडकी चालतात. पोफळीची विरी दुमडून टाचली की चांगले पसरट पात्र होते. मुख्य गोष्ट एकच, ती म्हणजे तळाला पाणी निघून जाण्यास वाट पाहिजे. ज्या भांड्याला भोक नाही त्यात रोप नाही, एवढे लक्षात ठेवावे.

माती कशी असावी? आपली तांबडी जांभ्याची माती ओली असता चिकट आणि सुकली की कठीण होते. बारीक कोंबाला ती फोडता येत नाही. म्हणून एक भाग चाळलेली माती, एक भाग रेती आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. शेण ताजे असेल तर त्याच्या उष्णतेने बी मरते. शापोरा नदीच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील रेती खारट असते. ती घ्यावयाची झाल्यास गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवून घ्यावी. रेती नसेल तर नारळाच्या सोडणाचा भुसा पाण्यात भिजवून, ते तांबडे पाणी ओतून देऊन, पिळून वापरावा. हे मिश्रण उन्हाळ्यात ओले करून पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाखाली तीन-चार आठवडे कडक उन्हात ठेवले, तर तणांचे बी आणि रोगाचे पुष्कळसे जंतू मरतात. त्यासाठी हे काम चैत्राच्या आरंभीच सुरू केले म्हणजे पेरणीपर्यंत माती तयार होते.

आता एकेका वनस्पतीचा विचार करू. आरंभ अर्थातच तुळशीपासून. मंजिरी झाडावर तपकिरी होऊन सुकली की ती खुडावी आणि कागदावर तळहातांत चोळावी. कोंडा हलकेच फुंकून टाकला की बारीक लालसर बी खाली राहते. ते चौपट रेतीत मिसळावे, म्हणजे पेरताना दाट पडत नाही. ओल्या मातीवर ते पसरावे, हाताने जरा दाबावे, आणि वर मातीची केवळ भुकटी भुरभुरावी. बीज आपल्या जाडीच्या दुपटी-तिपटीहून खोल जाऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. तुळशीच्या बियांच्या बाबतीत याचा अर्थ जवळजवळ पृष्ठभागावरच. आठ ते बारा दिवसांत अंकुर दिसतात. चार-पाच पाने आली, म्हणजे सुमारे सहा आठवडे झाले, की रोप लावणीस तयार होते. पेरल्यावर भांड्याभोवती राखेची रेघ ओढावी, नाहीतर मुंग्या रातोरात बी उचलून नेतात.

सब्जाचे बी पाण्यात पडताच भोवती चिकट बुळबुळीत आवरण धरते. उन्हाळ्यात सरबतात घालतो तेव्हा आपण ते पाहतोच. म्हणून ते भिजवून पेरू नये. बी हाताला चिकटून गोळा होते. कोरडेच पेरावे आणि मग पाणी शिंपडावे. आठवड्याच्या आत ते उगवते.

किरायत्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. तापावर घरोघर ज्याचा कडू काढा दिला जात असे ते हे झाड. पावसाळ्यानंतर ते फुलते आणि हिवाळ्यात बी धरते. त्याच्या बियांना काही महिने झोप असते. ताजे बी पेरले तर ते रुजत नाही आणि बी वाईट आहे असा ग्रह होतो. तेच बी कोरडे ठेवून वैशाखाच्या मध्यास पेरले तर चांगले उगवते, आणि महिना-दीड महिन्याने पावसाच्या आरंभी रोपे बाहेर लावता येतात. औषध म्हणून ते किती व कसे घ्यावे हे वैद्याला विचारूनच ठरवावे. गर्भवती स्त्रियांनी तर ते घेऊच नये.

स्वयंपाकघरातील वनस्पतींत धण्याची गंमत अशी आहे की, आपण ज्याला एक धणा म्हणतो त्यात दोन बिया असतात. धणे लाटण्याने हलकेच रगडून दोन फाळ्या कराव्यात, रात्रभर पाण्यात ठेवावेत आणि मग पेरावेत. आठ ते पंधरा दिवस ते घेतात. कोथिंबिरीचे मूळ सरळ खाली जाते आणि रोप उपटून दुसरीकडे लावणे त्याला मानवत नाही. म्हणून ती ज्या भांड्यात वाढवावयाची त्यातच पेरावी, आणि ते भांडे निदान वीतभर खोल असावे. तिचा आणि ओव्याचा खरा हंगाम कार्तिकापासून पौषापर्यंत. उन्हाळ्यात कोथिंबीर पाने देण्याआधीच फुलावर येते. मेथी सर्वांत सोपी. रात्रभर भिजवली तर तीन ते पाच दिवसांत उगवते. मुलांच्या हाती पहिले बी द्यावयाचे तर मेथीचे द्यावे. भाजलेली बडीशेप मात्र कोणी पेरू नये. भाजलेल्या बियांत जीव राहत नाही.

बी जुने असेल आणि शंका वाटत असेल तर आधी परीक्षा घ्यावी. २० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. १५ रुजल्या तर बी उत्तम; १० रुजल्या तर दाट पेरावे; ५ रुजल्या तर दुसरे बी शोधावे.

काही वनस्पती बियांच्या वाटेने येत नाहीत, किंवा येण्याची गरज नसते. ज्याला आपण पानओवा म्हणतो त्याचा खऱ्या ओव्याशी वासापुरताच संबंध आहे. तो फांदी खोचून येतो. अडुळसा आणि पुदिना हेही फांदीनेच लावावेत. गवती चहा ठोंब फोडून, ब्राह्मी तिच्या पसरणाऱ्या वेलींचे तुकडे लावून वाढते. कढीलिंबाचे बी रुजते, पण त्याला दम नाही. फळ पिकून काळे झाले की गर काढून आठवड्याच्या आत पेरले पाहिजे; डबीत भरून पुढल्या वर्षासाठी ठेवलेले कढीलिंबाचे बी म्हणजे केवळ खडा.

बी उगवले की घरातील सर्वांना आनंद होतो, आणि नेमक्या याच वेळी रोपे मरतात. काल उभी असलेली रोपे आज मातीलगत बारीक होऊन आडवी पडलेली दिसतात. शेतकरी याला रोपे कोलमडणे म्हणतात. हा मातीतील बुरशीसारख्या जंतूंचा प्रताप असून त्याला बोलावणे करतो तो आपलाच लोभ: दाट पेरणी आणि फार पाणी. श्रावणातील दमट हवेत तर तो फारच बळावतो. उपाय तीन. पातळ पेरावे, दाट उगवल्यास जादा रोपे कात्रीने कापावीत, उपटू नयेत, आणि पाणी वरून न ओतता भांडे परातीत घालून तळातून पिऊ द्यावे, मग परात काढून घ्यावी. मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागेपर्यंत पुन्हा पाणी देऊ नये. हवा खेळती असावी. रात्री गोगलगायी येतात. त्यांना दिव्याच्या उजेडात वेचून दूर टाकणे हाच उत्तम मार्ग.

छपराखाली वाढलेले रोप एकदम बाहेर लावू नये. त्याची पाने कोवळी असतात. एका दुपारच्या उन्हाने ती भाजून निघतात. पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास, असे करीत आठ दिवसांत त्याला उघड्याची सवय करावी. लावणी संध्याकाळी करावी, मुळाभोवतीची माती फुटू देऊ नये, आणि पहिले काही दिवस वर झावळीची सावली धरावी. छप्पर हे रोपाच्या बाल्यापुरते असते. त्याहून अधिक काळ जे रोप छपराखाली राहते ते उंच होते, पण त्याच्या देठात उभे राहण्याचे बळ येत नाही.

बी राखण्यास पेरण्याइतकेच महत्त्व आहे. उष्णता आणि ओल हे बीजाचे दोन वैरी, आणि आपल्या हवेत दोन्ही भरपूर. बियांतील ओलावा शेकडा एकाने कमी झाला की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाचा ठोकताळा प्रसिद्ध आहे. जुन्या घरांत चुलीच्या वर, धुराच्या वाटेवर बियाणे टांगून ठेवीत, किंवा राखेत मिसळून तुंब्यात भरीत, त्यात हेच शहाणपण होते. चूल गेली, धूर गेला. आता काचेची बाटली, घट्ट झाकण, आणि तळाशी गरम करून कोरड्या केलेल्या तांदळांची पुरचुंडी, एवढ्याने काम होते. बाटलीवर वनस्पतीचे नाव आणि वर्ष लिहावे.

सज्जनहो, ही झाली कृती. आता तिचे मोल काय, हे सांगतो.

वनस्पतींच्या ज्ञानात आपला प्रदेश कधी मागे नव्हता. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने येथील औषधींवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. पुढे शतकभराने कोचीच्या डच गव्हर्नराने, व्हान रीड याने, मलबारातील वनस्पतींवर बारा खंडांचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात तो आम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांनी १६७५ साली दिलेली साक्ष छापली आहे, आणि ती नागरी लिपीत, कोंकणी भाषेत आहे. घरदार सोडून दूर गेलेल्या आपल्या लोकांनी वनस्पतींची ओळख सोबत नेली होती, हे त्या पानावरून दिसते.

पण ओळख आणि वनस्पती या दोन्ही टिकल्या तरच ज्ञान टिकते. किरायते औषधासाठी मुळासकट उपटले जाते. ते बी धरण्याआधी उपटले की त्या जागी पुढच्या वर्षी काही उगवत नाही. डोंगरउतार आणि सडे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. मोपाच्या सड्यावर २०२३ पासून विमाने उतरत आहेत, रस्ते रुंद झाले आहेत, जमिनींचे व्यवहार वाढले आहेत. या बदलांचे गुणदोष सांगण्याचे हे स्थळ नव्हे. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, जी वनस्पती पूर्वी कुंपणापलीकडे आपोआप सापडत असे, ती यापुढे कोणी पेरली तरच सापडेल. आणि जेथे घरच बंद होते, मुले नोकरीसाठी दूर जातात, तेथे माळ्यावरच्या तुंब्यातील बी दोन-तीन पावसाळ्यांत निर्जीव होते. त्याचा गाजावाजा होत नाही. कुलपाआड ते मरून जाते.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच महालात आहे. हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक चिन्हांकनाचा मान मिळाला. मान कागदावर मिळाला. पण मिरची टिकली ती शेतकरी घरांनी वर्षानुवर्षे चांगली फळे निवडून बी राखले, तरवा केला, पुन्हा लावणी केली म्हणून. घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांस देण्याचा शेतकऱ्याचा हक्क आपल्या देशाच्या २००१ सालच्या कायद्यानेही मान्य केला आहे. नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्ड येथे बर्फाळ डोंगराच्या पोटात २००८ साली जगाचे बीजभांडार उघडले; तेथे उणे १८ अंश उष्णतामानात देशोदेशींचे बी ठेवले आहे. ते काम थोर आहे. पण तेथे ठेवलेले बी झोपलेले असते. दर वर्षी पार्सेच्या मातीत पडून, पार्सेचा पाऊस सोसून पुन्हा बी धरणे, हे कार्य कोणतेही भांडार करू शकत नाही. ते ओसरीवरच होऊ शकते.

म्हणून मठापुढे एक लहानशी सूचना ठेवून मी थांबणार आहे. आपले पंचांगच या कामाचे वेळापत्रक आहे. अक्षय्य तृतीयेपासून आषाढी एकादशीपर्यंत, अधिक मास मध्ये न आल्यास, सुमारे ६७ दिवस मिळतात. तुळशीचे रोप तयार होण्यास रुजण्यापासून लावणीपर्यंत सात-आठ आठवडे पुरतात. म्हणजे अक्षय्य तृतीयेला मठाच्या ओसरीवर बी पेरले, तर आषाढीला घरोघर रोप देता येईल, आणि पहिली पेरणी साधली नाही तर लगेच दुसरी करण्यास आठवडा-पंधरवड्याचा अवधीही उरेल. आषाढी एकादशीपासून चातुर्मास सुरू होतो. संन्याशाने पावसाळ्यात एके ठिकाणी राहावे, असा त्या काळाचा नियम. त्याच चार महिन्यांत वृंदावनातील रोप मूळ धरते, फांद्या फोडते, मंजिरीवर येते. कार्तिक शुद्ध द्वादशीस आपण तुळशीचे लग्न लावतो. शेजारी दिंड्याची काठी उभी करतो, ऊस, आवळा, चिंच मांडतो. त्यानंतर मंजिरी पिकून सुकली की प्रत्येक घराने मूठभर मंजिरी मठात आणून द्यावी. त्याबरोबर किरायत्याचे, सब्जाचे, घरच्या मिरचीचे, जे ज्याच्यापाशी असेल त्याचे बी आणावे. ते नाव-वर्ष लिहून मठात कोरडे ठेवावे, आणि पुढील अक्षय्य तृतीयेस पुन्हा पेरावे. ज्या घराला त्या वर्षी बी राखता आले नाही, किंवा जे घर काही काळ बंद राहिले, त्याचे बी मठात राहील आणि घर उघडल्यावर त्याला परत मिळेल.

यास मोठा निधी लागत नाही, इमारत लागत नाही. पूर्वेची ओसरी, पन्नास करवंट्या, चाळलेली माती आणि दोन माणसांचे नित्याचे लक्ष एवढे लागते. पाठशाळेतील मुलांकडे ते सोपविले तर त्यांनाही एक विद्या मिळेल. वाडवडिलांनी दिलेल्या शिदोरीवर बीज रुजते, पण वाढावयास त्याला स्वतः उजेडात उभे राहावे लागते, ही गोष्ट ती मुले पुस्तकाविना शिकतील.

येत्या तुळशीच्या लग्नाला आपल्या वृंदावनात विकतची तुळस असेल की स्वतः रुजविलेली, हा निर्णय प्रत्येक घराने आपल्यापुरता करावयाचा आहे. मठाने त्यात पुढाकार घ्यावा, अशी स्वामीजींच्या चरणी विनंती करतो.